दोनशे चौदावा ठोका

माझा जुना पट्टा तुटला तेव्हा मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत होतो. त्यापुढचं वर्णन करत नाही. दोन्ही कोपरं कमरेला घट्ट चिकटवून, पेंग्विनच्या चालीनं, पण इभ्रत शाबूत ठेवून मी घरापर्यंत पोचलो, एवढंच सांगतो.

बायकोनं आधी पिशव्या घेतल्या, मग माझ्याकडे नीट पाहिलं. "अहो, पट्टा गेला ना? त्यात काय एवढं, नवा आणा."

तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण मी तुटलेला पट्टा घेऊन त्याची चिरफाड करायला बसलो. आतल्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'अस्सल चामडं' असं छापलेलं होतं. ब्लेडनं उभा चिरला तर वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि पोटात पुठ्ठ्यासारखं काहीतरी करडं निघालं. चामडं कापताना उरलेला चुरा गोळा करतात, चिकट द्रावणात कालवतात, लाटतात आणि वर कातडीच्या सुरकुत्या छापलेला थर चढवतात. खोटं म्हणता येत नाही. लाकडाचा भुसा म्हणजेही शेवटी झाडच.

"मी स्वतःच करतो एक," मी म्हणालो. "जन्मभर टिकेल असा."

"कुणाच्या?" बायकोनं विचारलं आणि ती आत गेली.

मी अभ्यासाला लागलो. अभ्यास हा माझा आवडता टप्पा, कारण त्यात काही बिघडत नाही. चामडं कमावण्याच्या मुख्य पद्धती दोन. एक क्रोमियमच्या क्षारांची. ऑगस्टस शुल्ट्झ नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि महिनोन्‌महिन्यांचं काम फार थोड्या वेळात उरकू लागलं. दुसरी जुनी, झाडांच्या सालींमधल्या टॅनिनची, सावकाश चालणारी. क्रोमचं चामडं मऊ, गुणी, पाण्याला न घाबरणारं. पण त्याला स्मरणशक्ती नाही. त्यावर ठसा मारणं म्हणजे उशीला बुक्की मारण्यासारखं. क्षणभर खड्डा दिसतो आणि मग काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं ते पुन्हा वर येतं. (हे मी जुन्या हँडबॅगेवर करून पाहिलं. ती जुनी नव्हती, असं नंतर कळलं.) सालीत कमावलेलं चामडं मात्र ओलं असताना जे सोसतं ते वाळल्यावर कधीच विसरत नाही. आमच्या घराण्यात अशी दोन-तीन माणसं आहेत, त्यामुळे हा गुणधर्म मला लगेच समजला.

जाडीची भानगड निराळी. चामड्याची जाडी औंसात सांगतात. औंस हे वजन असतं असं मला शाळेत शिकवलं होतं, आणि ते बरोबरच आहे. एक चौरस फूट चामड्याचं वजन एक औंस भरलं, की त्याची जाडी इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर, असा तो हिशोब. पट्ट्याला आठ ते दहा औंस लागतं, म्हणजे तीन ते चार मिलिमीटर. माणसांचीही जाडी वजनावरून ओळखतातच, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

तक्रारीला जागा पुढे निघाली. पट्ट्याची लांबी किती घ्यायची? मी पँटच्या लेबलावर पाहिलं. ३४. त्यात बक्कलापाशी दुमडायचा भाग धरला, भोकांच्या पुढची जीभ धरली आणि एवढ्या सुंदर, बिनडागी चामड्यातून एक लांब पट्टी सर्रकन कापून काढली. कमरेभोवती गुंडाळली. बक्कलाची जागा आणि भोकांची जागा एकमेकींना लांबून पाहत राहिल्या.

पट्ट्याचं माप पँटवरून घेत नाहीत. आपण रोज वापरतो त्या पट्ट्यावर बक्कलाच्या दुमडीपासून नेहमीच्या भोकापर्यंत टेप लावायचा असतो. तो जो आकडा सांगेल तो खरा. टेपनं ३७ सांगितला. मी टेप झटकून पुन्हा लावला. त्यानं साडेसदतीस सांगितला, म्हणून मग मी पहिल्या आकड्यावर समाधान मानलं. इतकी वर्षं पँट शिवणारे माझं मन राखत होते, हे मला त्या दिवशी कळलं. आखूड पट्टी सरावाला ठेवली आणि दुसरी कापली.

आता नक्षी. चामड्यावर फुलं-पानं कोरणारे असतात. त्यासाठी बोटांत फिरणारी सुरी लागते, ती वळवायला मनगट लागतं आणि मनगट वळायला काही वर्षं जावी लागतात. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी बास्केट वीव्ह, असं मला जो तो सांगत होता. बांबूच्या टोपलीची वीण चामड्यावर उमटवायची. एकच ठसा, तोच तोच मारत जायचा. अमेरिकेतले खोगीर बनवणारे मोठमोठी जागा याच नक्षीनं भरून काढतात. तिथल्या पोलिसांच्या कमरेचे पट्टे आणि पिस्तुलाची होल्स्टरंही या विणीत मिळतात. भरगच्च नक्षीत ओरखडे दिसत नाहीत, हा आणखी एक फायदा. "अगदी सोपं आहे हो," असं सगळे म्हणाले. सोपं आहे असं सांगणाऱ्यांची एक यादी मी आता करून ठेवली आहे.

ठसा म्हणजे बोटाएवढी लोखंडी कांडी. तिच्या तोंडाशी इवलीशी आयताकृती नक्षी: मधे बारीक आडव्या रेघा, दोन्ही टोकांना एकेक उभा पाय. पट्ट्यावर तिरकी रेघ आखायची. पहिला ठसा रेघेच्या वर, दुसरा रेघेच्या खाली, आणि दुसऱ्याचा डावा पाय बरोबर पहिल्याच्या उजव्या पायाच्या टोकावर. तिसरा पुन्हा वर. अशी एक ओळ झाली की तिला धरून पुढची, तिला धरून त्यापुढची. पहिल्या ओळीवर सगळ्यांचा भरवसा. ती चुकली तर मागचे सगळे शिस्तीत चुकतात.

सरावाच्या पट्टीवर मी हे शिस्तीत चुकणं पाहिलं. एका ठशात अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं? पण वीस ठसे एकाच दिशेला अर्धा अर्धा मिलिमीटर सरकले की एक सेंटीमीटर होतो, आणि पट्टा अवघा चार सेंटीमीटर रुंद. माझी टोपली एका टोकाला सरळ सुरू झाली, मधे वळली आणि शेवटी पुराच्या पाण्यासारखी काठावरून वाहून गेली. मुलीनं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे थ्रीडी आहे का?"

त्याआधी ओलाव्याचं प्रकरण. चामडं स्पंजनं ओलं करायचं, पण ठोकायचं मात्र ते नीट मुरल्यावर. फार ओलं असेल तर ठसा चिखलात पाय रुतावा तसा रुततो आणि कडा विरघळतात. फार सुकं असेल तर तो नुसता पाहुण्यासारखा टेकून जातो. मधली एक घटका असते: रंग जवळजवळ मूळचा होतो, पण स्पर्श अजून गार लागतो. ती घटका ओळखायला चामडं गालाला लावून बघायचं. एका सकाळी मी डोळे मिटून, पट्टा गालाशी धरून स्वयंपाकघरात उभा होतो. बायको आली, काही न बोलता परत गेली. ज्या घरात दहा मिनिटं शांतता असते त्या घरात काय चाललंय हे ओळखायला आता मला गाल लागत नाही.

आणि ओल्या चामड्याला हात लावताना नखं कापलेली हवीत. कुणी सांगितलं नाही. माझ्या पट्ट्यावर बक्कलाजवळ चार चंद्रकोरी आहेत. त्या मी नंतर मुद्दाम केलेल्या नक्षीत धरल्या. अंगठ्याचा एक काळा ठसाही आहे. लोखंडी ठसे पुसून तेच बोट ओल्या चामड्यावर टेकलं होतं. टॅनिनला लोखंड भेटलं की काळं पडतं. युरोपात शतकानुशतकं लिहायची शाई याच भांडणातून तयार व्हायची. अक्षर न लिहिता शाई बनवणारा मी पहिला नसेन, पण कमरेवर अंगठा उठवून घेणारे फार नसतील.

तर एका रविवारी दुपारी, चामडं योग्य त्या गारव्याला आलेलं असताना, मी बैठक मारली. खाली जुना ग्रॅनाइटचा तुकडा, कारण खालची जागा जितकी ठाम तितका ठसा खोल. हातात मोगरी, कारण लोखंडी हातोडीनं ठशांची डोकी चेपतात. पट्ट्याच्या पाठीला चिकटपट्टी लावलेली, कारण ठोकताना चामडं लांबतं. हिशोब केला होता: सुमारे सातशे ठोके. मोजायचं ठरवलं, म्हणजे लय राहील.

पहिले वीस भीतीत गेले. पन्नासनंतर हात बसला. शंभरनंतर तर मला गंमतच वाटू लागली. ठसा उचलायचा, पाय जुळवायचा, कांडी सरळ धरायची, टक्क. एक काठी दुसरीच्या खालून जातेय असा खरोखर भास होऊ लागतो. चामडं कुठेच खालून जात नसतं, सपाट असतं, पण डोळा फसतो. मोठ्या मजेत फसतो. काठाशी आलं की ठसा जरा कलता धरायचा, म्हणजे अर्धाच उमटतो आणि विरत जातो. उरलेले धागेदोरे नंतर किनारीच्या ठशानं झाकायचे. दीडशे. दोनशे. मान आखडली होती, पण मी हसत होतो. मला वाटतं मी त्या वेळी थोडा थोर होतो.

दोनशे तेरा. टक्क. दोनशे चौदावा ठसा टेकवला, मोगरी वर नेली, मोगरी खाली येऊ लागली, आणि दाराची बेल वाजली.

मी तेवढाच दचकलो जेवढं कुणीही दचकेल. ठसा केसभर फिरला. एक पाय खोल रुतला, दुसरा वरच राहिला.

दारात खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. "भिंतीत खिळे ठोकताय का हो? दुपारपासून चाललंय."

"नाही काकू. पट्टा."

काकू थबकल्या. माझ्या हातातल्या मोगरीकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोणाला?"

खुलासा करण्यात वीस मिनिटं गेली. त्यांना आत बोलावून पट्टा दाखवावा लागला. त्यांनी तो लांबून पाहिला, "छान आहे. विकत मिळत नाही का?" म्हणाल्या, आणि खाली घडीची चादर घालून ठोका असं सुचवून गेल्या.

मी परत बसलो आणि दोनशे चौदाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. चामड्यावर खोडरबर चालत नाही. मी पाणी लावून चमच्याच्या पाठीनं घासलं. तो जरा फिका झाला, गेला नाही. वरून दुसरा ठसा बरोबर जागी मारला, तर दोन पायांच्या टोपलीला तीन पाय झाले. मग सोडून दिला. पुढचे चारशे ऐंशी आणि काही ठोके मी एक डोळा त्याच्यावर ठेवूनच मारले. चादर घातली नाही. क्षमा करा काकू, पण गादीवर ठसा उठत नाही.

बाकीचं भराभर सांगतो, कारण ते तसंही कंटाळवाणं आहे. रंग, तेल, भोकं. भोकं विषम घ्यायची, एकेक इंचावर पाच किंवा सात, म्हणजे नेहमीचं भोक मधे येतं आणि सणासुदीला व आजारपणाला दोन्ही बाजूंना वाव राहतो. मी सात घेतली. आणि कडा घासणं. कडा तासून गोल करायच्या, किंचित ओल्या करायच्या आणि लाकडाच्या खाचेत धरून घासायच्या, गरम होऊन तकाकी येईपर्यंत. पट्ट्याला कडा दोन असतात आणि प्रत्येक कड एका मीटरहून जास्त लांब असते, ही बाब मी आधी कधी गांभीर्यानं घेतली नव्हती.

पट्टा झाला. कमरेला लावला. आणि माझ्या लक्षात आलं की जगात कुणीही कुणाच्या पट्ट्याकडे बघत नाही. सातशे ठोके मी अशा जागी मारले होते जिथे सभ्य माणसं नजर टाकत नाहीत. मी शर्ट खोचायला लागलो. बोलताना अंगठे पट्ट्यात अडकवून उभा राहू लागलो. ऑफिसात एकानं काळजीनं विचारलं, "पोटात दुखतंय का?"

म्हणून होल्स्टर. पट्टा दिसत नसेल तर पट्ट्यावर असं काहीतरी हवं की माणसाला बघावंच लागेल. पिस्तूल माझ्याकडे नाही आणि असावं असं कुणालाच वाटणार नाही. पण चष्मा आहे. दिवसातून दहा वेळा हरवतो. उजव्या कमरेला चष्म्याचं होल्स्टर, हात खाली गेला की चष्मा डोळ्यांवर! उरलेल्या चामड्याचे दोन तुकडे कापले, दर्शनी बाजूला बास्केट वीव्ह मारली (यावेळी बेल काढून ठेवून), आणि खोगीरटाका घालून कडा शिवल्या. एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. दोरा लागतो शिवणीच्या चौपट. पण मशीनच्या शिवणीसारखा हा टाका एका जागी तुटला म्हणून उसवत जात नाही. दुसऱ्या सुईचा दोरा धरून ठेवतो. हे मी घरात सगळ्यांना समजावून सांगितलं. दोनदा.

होल्स्टर ओलं करून आत वस्तू ठेवायची आणि बाहेरून बोटांनी, हाडाच्या पट्टीनं दाबत तिचा आकार उठवायचा. वाळल्यावर चामडं तो आकार धरून कडक होतं. पिस्तुलाचं होल्स्टर करणारे यासाठी निळ्या प्लास्टिकचं खोटं पिस्तूल वापरतात. चष्म्याचं खोटं काही मिळालं नाही. म्हणून खरा चष्मा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि आत सरकवला. आकार उठवायला बसलो तर काही दिसेना. चष्मा आत होता. तो बाहेर काढला की आकार देता येत होता, पण मग कशाला आकार द्यायचा ते आत नव्हतं. शेवटी जुना, दोन नंबर मागचा चष्मा लावून अंदाजानं दाबत गेलो. काड्यांची घडी, बिजागरीचा उंचवटा, नाकावरची खाच, सगळं हौसेनं खोल दाबलं. बाहेरून तो इतका हुबेहूब दिसत होता की कुणीतरी चामड्याचा चष्मा केलाय असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात कमरेकडे नेला आणि चष्मा ओढला. होल्स्टर वर आलं. त्याच्याबरोबर पट्टा वर आला. पट्ट्याबरोबर पँट. चष्मा जागचा हलला नाही. चामडं वाळताना थोडं आवळतं, आणि मी बिजागरीमागे जी हौस केली होती ती आता कडीसारखी बसली होती. बायकोनं पट्टा धरला, मी ओढलं. मग मी पट्टा धरला, तिनं ओढलं. मुलीनं व्हिडिओ काढला. टाके उसवावेत तर टाके दिसायला चष्मा हवा.

दोन दिवस मी जुन्या चष्म्यानं, सगळ्या माणसांना अंदाजानं ओळखत, काढले. तिसऱ्या दिवशी चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांकडे गेलो. कमरेवरून होल्स्टर सोडवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते हलवून पाहिलं. आत काहीतरी आहे एवढं त्यांना कळलं. "चष्मा," मी म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्या धंद्यात माणूस पुष्कळ पाहतो.

रापीच्या टोकानं त्यांनी एक टाका कापला. काहीच झालं नाही. दुसरा कापला. शिवण जागची हलली नाही. "मजबूत शिवलंय," ते पुटपुटले. आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यात गैरसोयीची शाबासकी. सात टाके एकेक करून कापले, आरीनं दोरे ओढून काढले, कड उकलली आणि चष्मा प्लास्टिकसकट बाहेर काढून माझ्या हातात ठेवला. मी तो लावला. जगाला कडा आल्या.

काका आता माझ्या कमरेकडे बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी बघत होतं. मी पट्टा सोडून त्यांच्या हातात दिला आणि कोपरं कमरेला चिकटवून उभा राहिलो.

त्यांनी तो मांडीवर पसरला. कड अंगठ्यानं चाचपली, दुमडून पाहिली, मान हलवली. मग बक्कलाकडून अंगठा विणीवरून सावकाश सरकवत नेला. चंद्रकोरींवरून गेला, काळ्या ठशावरून गेला, पुढे गेला. मी श्वास धरला. पट्ट्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर अंगठा थांबला. थोडा मागे आला. परत तिथेच थांबला.

त्यांनी वर पाहिलं.

"इथं कुणीतरी आलं होतं वाटतं."